आधी द, मग ध

शिवडी, मुंबई १५
रविवार, १२ जानेवारी २०२५

ताई, सप्रेम जय भीम.

एवढा मायना ठरवायला चार कागद गेले. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तू हसशील, ‘प्रिय’ लिहिलं तर मलाच हसू येईल. शेवटी जशी हाक मारायचो तसंच लिहिलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उचलला असतास तरी हल्ली मला ठरवलेलं बोलता येत नाही. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्रही आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं.

बातमी अशी, की मी अभ्यासात आहे. बाबा जन्मभर ‘अभ्यास कर रे’ म्हणत राहिला, मी बारावी अर्ध्यात सोडून लालबागला दौलतच्या दुकानात बॅनर टाइप करायला बसलो, आणि आता सत्ताविसाव्या वर्षी खराखुरा अभ्यासात भरती झालो.

शाळेचा नव्हे. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात संशोधन चाललंय. डोळ्यांदेखत काही भयंकर घडलं आणि ते डोक्यातून जातच नाही, अशा माणसांना कशानं बरं वाटतं ते शोधतात. त्याला ते लोक ‘अभ्यास’ म्हणतात आणि आपल्याला ‘सहभागी’. माझा क्रमांक ४१. तिसऱ्या मजल्याची गॅलरी पडून बाबा गेला त्याला अडीच वर्षं होत आली. तेव्हापासून मला जे होतं त्याला नाव आहे हे मला आता कळलं. आघातोत्तर तणाव विकार. काय होतं ते विचारू नकोस. दुकानात काही बॅनर माझ्याच्यानं होईनात, गिऱ्हाइकं ओरडायला लागली, तेव्हा दौलतनं मला धरून नेलं. म्हणाला, “ए डिक्शनरी, स्वतःला दाखव जरा. नायतर दुकानाला टाळं लावशील माझ्या.”

बंद पाकिटातून गट निघतो. एका गटानं घडलेलं बोलून सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. दोन्हींतलं काय जास्त लागू पडतं ते त्यांनाही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर अभ्यास कशाला केला असता, असं माया मॅडम म्हणाल्या. अभ्यासात आमच्याकडून सगळं करवून घेतात त्या या मॅडम. माझ्या पाकिटातून ‘लेखन’ निघालं. पाच गुरुवार, दर वेळी तीस मिनिटं, आणि दर वेळी तीच एक घटना. आईला सांगितलं तर म्हणाली, “आजारी पडलास म्हणून, नाहीतर तुला कोण लिहायला बोलावणार होतं?”

सही करायच्या आधी मी संमतिपत्र तीनदा वाचलं. पाचव्या ओळीत छापलं होतं, ‘मी या अभ्यासात स्वच्छेने सहभागी होत आहे.’ मी म्हटलं, “मॅडम, आंघोळ करून आलोय मी, पण इथे ‘स्वेच्छेने’ पाहिजे.” त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो, चाळीस जणांनी सह्या केल्यात यावर!” म्हटलं, मग बदला. तर म्हणतात, नाही बदलता येत. संमतिपत्रातलं एक अक्षर हलवायचं तरी समितीची मंजुरी लागते. एका मात्रेसाठी समिती! बाबा असता तर खिशातलं पेन काढून तिथल्या तिथे मात्रा दिली असती आणि वर समितीचा पत्ता विचारला असता. मी आपला निमूटपणे स्वच्छेने सही करून आलो.

करी रोडची चाळ सोडल्यापासून बांधून ठेवलेलं सामान लावताना बाबाची दोरी सापडली. गेरूची. अजून हाताला तांबडं लागतं. तुला आठवतं का, बोर्ड रंगवायच्या आधी एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. “ताण धरा. सोडायची नाही.” मग बाबा मधोमध दोन बोटांनी दोरी उचलून सोडायचा. टप्प. फळीवर सरळ रेघ. माझ्या टोकाला नेहमी ढील पडायची आणि तू माझ्या वाटचा ताण तुझ्याकडून ओढून घ्यायचीस.

त्या दिवसाबद्दल इथे काही लिहीत नाही. ते तिकडे लिहायचंय.

आई बरी आहे. देवदत्तना नमस्कार. तुझ्या नवऱ्याला मी काय म्हणायचं ते आपलं कधी ठरलंच नाही.

तुझा,
राजरत्न


शिवडी, मुंबई १५
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ताई, सप्रेम जय भीम.

मागचं पत्र मिळालं असेल असं धरून चालतो. पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. “मुंबई पंधरावरून मुंबई चार? अरे, चालत गेलास तरी आधी पोचशील.” मी म्हटलं, “चालत गेलो असतो तर पत्र कशाला लिहिलं असतं?” मागे रांगेत एक आजोबा होते, ते म्हणाले, “भांडण दिसतंय. स्पीडपोस्ट नको करू, साधंच जाऊ दे. समोरच्याला वेळ मिळतो.”

अभ्यासाचे दोन गुरुवार झाले. छोटी खोली, एक टेबल, भिंतीवर घड्याळ. माया मॅडम आधी एक कागद वाचून दाखवतात. पेन थांबवायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. खोडायचं नाही. काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला, अंगाला काय झालं, सगळं लिहायचं. मग त्या बाहेर जातात आणि तीस मिनिटांनी येतात.

पहिल्या गुरुवारी तीस मिनिटांत माझ्या अकरा ओळी झाल्या, त्यांतल्या नऊ खोडलेल्या. मॅडमनी वाचल्या. म्हणाल्या, “राजरत्न, तुम्ही निबंध लिहिलात.” मी विचारलं, चुका आहेत का? “एकही नाही. तीच तर पंचाईत आहे.”

खरं म्हणजे मी तेच लिहिलं होतं जे सगळी चाळ सांगते. लग्न करून निघून गेलेल्या मुलीची वाट बघत बाबा गॅलरीत उभा होता आणि गॅलरी पडली. मॅडमनी विचारलं, “तेव्हा तुम्ही कुठे होतात?” मी म्हटलं, खाली, चाळीच्या दारात. “काय करत होतात?” म्हटलं, बॅनर लावत होतो, चाळीतल्या गुणाजी मामांच्या बाराव्याचा. त्यांनी टिपून घेतलं. “मग पुढच्या वेळी खालून लिहा. वर काय चाललं होतं ते तुम्हाला खालून कसं कळणार?”

दुसऱ्या गुरुवारी खालून लिहिलं. दोन पानं झाली. धुळीचा वास, आणि त्या धुळीत कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास. बाकी अजून येत नाही.

परत येताना मी परळ नाक्यावरून लालबागपर्यंत चालत आलो. रविवारचे आपले बोर्ड आठवतात तुला? बाबा मधे, आपण दोघं दोन बाजूंना, आणि प्रत्येक दुकानाचा बोर्ड वाचायचा. चूक सापडली की लिमलेटची एक गोळी. चिवडा गल्लीत पोचेपर्यंत माझे खिसे भरायचे आणि तुझ्याकडे दोन-तीनच. मी तुला चिडवायचो, मोठी असून तुला येत नाही म्हणून. आता कळतं. ‘उपहारगृह’ तुला पहिल्यांदा दिसायचं, आणि तू मुद्दाम समोरच्या फुटपाथकडे बघत राहायचीस.

आणि सहा डिसेंबरचं दादर! आदल्या दिवसापासून बाबा ‘पिण्याचे पाणी’ रंगवत बसायचा, फुकट, वीस-वीस फळ्या. आपण पेपरनं वारा घालून अक्षरं वाळवायचो. कोणीतरी बाबाला म्हणालं होतं, “बुधाजीभाऊ, तहानलेल्याला वेलांटी कुठे दिसते?” त्यावर बाबा म्हणाला, “इथं आलेल्या माणसाला नीट लिहिलेलं वाचायला मिळायला पाहिजे. पाण्याइतकंच.”

आता बाजारात तसले बोर्ड नाहीत. सगळं फ्लेक्स. मीच करतो.

आईचे पाय दुखतात, बाकी ठीक. तुझं उत्तर आलं तर बरं वाटेल. नाही आलं तरी पत्र जाईल.

तुझा,
राजरत्न


शिवडी, मुंबई १५
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ताई, सप्रेम जय भीम.

तुझं उत्तर मिळालं. पाठकोरा कागद, चार ओळी. मी त्या पाठ केल्या आहेत, पण समोर ठेवूनच लिहितो.

‘राजा, मला पत्रं पाठवू नकोस. बाबा माझी वाट बघत गेला हे मला रोज सकाळी उठल्यावर पहिलं आठवतं. ते तू तिकडे अभ्यास म्हणून लिहितोस आणि मला वाचायला पाठवतोस? मी गॅलरी असलेल्या घरात राहते आणि अडीच वर्षांत त्या दारातून बाहेर पाऊल टाकलेलं नाही. हे तुझ्या मॅडमना सांग.’

मला हे माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो. मला वाटायचं, तू रागावली आहेस. मातीच्या दिवशी तू लांब उभी राहिलीस, पुण्यानुमोदनाला आलीच नाहीस, तेव्हा मी म्हटलं, गिरगावात रमली. ते सोपं होतं.

या गुरुवारी मी अभ्यासाला गेलो नाही. रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेलो आणि शिवडीला परतलो. मॅडमचा फोन आला. न येण्याचं कारण त्यांना नोंदवावं लागतं, आणि अभ्यास सोडायचा असेल तर कधीही सोडता येतो, असं संमतिपत्रात आहेच. मी म्हटलं, हो, सातव्या ओळीत. फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “तिसऱ्या लेखनात तुम्ही एका वाक्यापाशी थांबलात. बराच वेळ पेन कागदावर टेकवून बसला असणार, खाली शाईचा डाग पडलाय. ते वाक्य मला नका सांगू हवं तर. पण ते कुणाला सांगायचंय, ते बघा.”

म्हणून बसलोय. पण आधी दुसरं सांगतो, कारण तेही मी तुला कधी सांगितलं नाही.

तू आणि देवदत्तनी कोर्टात लग्न करून मग घरी फोन केलात, तेव्हा बाबा सात महिने तुझ्याशी बोलला नाही. तुला वाटलं, जात. ते गिरगावचे पिढ्यान्‌पिढ्यांचे, आपण करी रोडचे. ताई, जात नव्हती, बोर्ड होता. कॉटखाली कापडात गुंडाळलेली सागाची फळी होती. तू कॉलेजात होतीस तेव्हाच त्यानं ती घासून ठेवली होती. ‘मंगल परिणय’ची अक्षरं पेन्सिलीनं आखून झाली होती. खाली तुझं नाव होतं आणि पुढे जागा कोरी. मला म्हणाला होता, “नवऱ्याचं नाव चार अक्षरी निघालं तर बरं, मधोमध बसेल.” देवदत्त, चारच अक्षरं. तुझा फोन आला त्या संध्याकाळी त्यानं फळी काढली, बघितली, परत ठेवली. “रंगवायला वेळच दिला नाही पोरीनं,” एवढंच.

आणि तो दोनदा ठाकूरद्वारला येऊन गेला होता. तुमच्या बिल्डिंगच्या खाली उभा राहिला, वर आला नाही. परत आल्यावर चहा पिताना म्हणाला, “सीमाच्या बिल्डिंगच्या बोर्डावर ‘सहकारी’ची री ऱ्हस्व काढलीय. तिला रोज दिसत असेल. कशी राहते काय माहीत.”

ताई, बाबा तुझ्यामुळे गेला नाही. आज एवढंच लिहू शकतो. पुढचं वाक्य सहा वेळा लिहिलं आणि सहा कागद फाडले.

राजरत्न


शिवडी, मुंबई १५
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

ताई,

मागची तीन पत्रं तुझ्याकडे असतील तर काढून बघ. त्यांत एक जोडाक्षर कुठेच नाही. ‘सुद्धा’ लिहायचं तिथे मी ‘ही’ लिहिलंय. आता मी ते लिहितो. द्ध. द्ध. द्ध. हात भिजलाय, पण लिहिलं.

हाच माझा आजार. दुसऱ्यांना आवाजाची भीती वाटते, अंधाराची वाटते. मला द्ध दिसला की कानात लाकूड मोडल्याचा आवाज येतो आणि श्वास अडकतो. लालबाग-दादरमध्ये राहून! जिथे दर तिसरी पाटी सिद्धिविनायक. सिद्धिविनायक डेअरी, सिद्धी केटरर्स, रिद्धी-सिद्धी साडी सेंटर. मी रस्ते बदलून चालायचो. एका हलवायाचं ‘सुप्रसिद्ध’ मी ‘नामांकित’ करून टाकलं, त्यानं दौलतला दुकानात येऊन शिव्या घातल्या. विहारात जाणं तर बंदच केलं. दारावरच ‘बुद्ध’ लिहिलंय. वंदनेच्या पहिल्याच शब्दाला मला घाम फुटतो, हे आईला काय सांगू? बाबा म्हणायचा ते आठवतं? “माझ्या बुधाजीत नुसता ध आहे. एक द मिळाला की बुद्ध होईन. शोधतोय.”

आणि तो द कुठे लावायचा हेही त्यानंच शिकवलं होतं. लोक ध आधी लिहितात, ध्द, अर्ध्या मुंबईचे बॅनर तसेच आहेत. “आधी दादा, मग धाकटा. दादाच्या कडेवर धाकटा बसलाय बघ.” तू भांडायचीस, “आधी ताई का नाही?” तो म्हणायचा, “ताई घेतली तर श्रत्धा होईल गं पोरी, काय करू!”

आता ते वाक्य.

रविवार होता, सकाळचे दहा. संध्याकाळी बाबा गॅलरीत उभा राहायचा, रस्त्याकडे बघायचा, हे खरं आहे. पण सकाळी कधीच नाही. जूनपासून गॅलरीला टेकू होते आणि जिन्यात बाबाच्याच हातचा बोर्ड होता, ‘गॅलरीत उभे राहू नये’. त्या बोर्डाच्या दोरीचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं खिळ्याला बांधलं होतं. तू नव्हतीस.

दौलत शिडीवर चढून गुणाजी मामांचा बॅनर बांधत होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मीच टाइप केला होता. मी चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला शंका आली. एखाद्या शब्दाकडे फार वेळ बघितलं की तो अनोळखी होतो ना, तसं झालं. द आधी की ध आधी, मला कळेना. मोबाईलवर बघता आलं असतं. दौलत म्हणालासुद्धा, “सोड ना यार. गुणाजी मामा काय वाचायला येणारेत?” पण मला बाबाकडूनच ऐकायचं होतं. बाबानं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय मला कधी बरोबर वाटलंच नाही.

मी हाक मारली. “बाबा! जरा बाहेर ये. चष्मा घेऊन ये.”

तो चहा पीत होता. चष्मा घेऊन आला. त्यानं दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि वाचायला खाली वाकला.

तो तुझी वाट बघत नव्हता, ताई. मी बोलावलं म्हणून आला.

तिथेच शेजारच्या सरोजिनी काकू रडत म्हणाल्या, “रोज पोरीची वाट बघायचा हो, त्यातच गेला.” मी त्यांच्या शेजारी उभा होतो. पहिल्या दिवशी माझा आवाज गेला होता म्हणून बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे माणसं तेच म्हणत होती. तिसऱ्या दिवशी मला त्याचा आधार वाटायला लागला होता. बाबाच्या बॅनरवर आपण आपल्या रीतीप्रमाणे ‘आदरांजली’ लिहिलं, त्यात द्ध येत नाही, आणि मी सुटलो म्हणून मला बरं वाटलं. मी असा माणूस आहे. तुला जळत ठेवून मी अडीच वर्षं सावलीत बसलो.

गुरुवारी, चौथ्या वेळी, हे सगळं लिहिलं. मॅडमनी वाचलं, चष्मा पुसला. म्हणाल्या, “हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हाक मारलीत, आणि खोटं राहू दिलंत. पहिल्याची शिक्षा तुम्ही भोगताय आणि दुसऱ्याबद्दल गप्प आहात.”

आईला शुक्रवारी सांगितलं. तिनं हातातली वाटी खाली ठेवली. “माझ्या पोरीला इतकी वर्षं होळीत ठेवलीस होय रे?” त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. आत्ता मी लिहितोय हे बघून चहा आणून ठेवला आणि म्हणाली, “सगळं लिही. नावासकट लिही.”

मी माफी मागायला लिहिलेलं नाही. मागायचा हक्क नाही. तू तुझ्या गॅलरीत जा. एवढंच.

राजरत्न बुधाजी


शिवडी, मुंबई १५
रविवार, २ मार्च २०२५

ताई,

तुझं उत्तर नाही. हे पत्र उत्तराची वाट न बघता लिहितोय.

पाचवा गुरुवार झाला. सहा पानं लिहिली, पेन थांबलं नाही. ‘सुद्धा’ सात वेळा आला. मॅडम गंमतीनं म्हणाल्या, “पहिल्यांदा तुमचं अक्षर घाण आलंय.” आणि चौथ्या पानावर एक गोष्ट आली, ती मला माहीत नव्हती. म्हणजे असणारच, पण सापडत नव्हती. आवाजाच्या आधीचं मला काही ऐकूच येत नव्हतं. मला वाटायचं, बाबा वैतागला असेल. चहा सोडून उठवलं, एवढंसं तुला येत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात असेल, आणि तेच शेवटचं.

तो हसला होता, ताई. चष्मा लावला, वाचलं, आणि वरून मोठ्यानं म्हणाला, “अरे शहाण्या, आधी दादा—”

एवढंच. वाक्य अर्धं राहिलं.

मी दौलतकडे गेलो. त्याला म्हटलं, त्या दिवशी मी बाबाला हाक मारली होती. तो मशीन पुसत होता. “ठाऊक आहे. मी शिडीवरच होतो ना. मला वाटलं, तू बोलशील कधीतरी.” मग त्यानं माळ्यावर चढून एक घडी खाली टाकली. गुणाजी मामांचा बॅनर. त्यानं त्या दिवशी ढिगाऱ्यातून ओढून काढला होता आणि जपून ठेवला होता. “फेकवला नाय यार. कोणाला विचारणार, टाकू का म्हणून?”

घरी आणला. जमिनीवर उलगडायला मला एकट्याला जमेना, तेव्हा आईनं दुसरं टोक धरलं. धूळ अजून आहे. आईला वाचायला वेळ लागतो, तू जाणतेस. तिनं गुडघ्यावर बसून एकेका अक्षरावर बोट ठेवलं. भा. व. पू. र्ण. श्र. मग थांबली. बोट त्या जोडाक्षरावर फिरवलं आणि म्हणाली, “हा दादा. त्याच्या कडेवर हा धाकटा. बरोबर तर आहे.”

शब्द बरोबर होता, ताई. पहिल्यापासून बरोबर होता.

मी खूप रडलो. आई पाठीवर हात ठेवून बसली, तेवढ्यात म्हणाली, “मेल्या, एवढं बरोबर लिहितोस, तर विचारतोस कशाला?” आणि मग तीही रडली.

मी बरा झालो असं नाही. अभ्यासात वीस प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार. सुरुवातीला माझी बेरीज अठ्ठावन्न होती, परवा तेहेतीस. मॅडम म्हणाल्या, एकट्याचा आकडा उतरला म्हणून उपचार सिद्ध होत नाही, सगळ्यांचे आकडे बघावे लागतात. मी सिद्धिविनायक डेअरीतून दूध आणतो आता. आणतो आणि पटकन निघतो.

एक काम आहे. गुरुवार, २० मार्च, सकाळी अकरा वाजता शेवटची तपासणी आहे. दुसऱ्या मॅडम घेणार, त्यांना आपण लेखनवाले की बोलणारे ते सांगायचं नसतं. त्या वेळी एका जवळच्या माणसाला पाच प्रश्न विचारतात, की हा घटनेच्या आधी कसा होता आणि आता कसा आहे. आईचं नाव देता आलं असतं. पण आईला मी लहान असल्यापासून चांगलाच वाटत आलोय, तिचं उत्तर धरू नये. माझा आधीचा ताण आणि ढील दोन्ही माहीत असलेलं माणूस एकच आहे. ‘नाते’ या रकान्यात मी पेननं ‘बहीण’ लिहिलंय. तू आली नाहीस तर रकाना तसाच राहील. मी खोडणार नाही.

ती सागाची फळी कॉटसकट ढिगाऱ्यातून निघाली होती. एका कोपऱ्याला चीर गेलीय, पेन्सिलीची अक्षरं आहेत. मी दोरी गेरूत घोळवून ठेवलीय. दुसरं टोक दाजींनी धरलं तरी चालेल. बघ, ‘दाजी’ लिहून गेलो.

हे पत्र पक्कं केलेलं नाही. हाच पहिला कागद आहे. दोन-तीन ठिकाणी चुकलं असेल, परत वाचणार नाही.

मी मोठ्या फाटकाशी उभा असेन. जिना रुंद आहे, टेकू नाहीत, मी बघून ठेवलंय. तपासणीची खोली पहिल्या मजल्यावर, डाव्या हाताला. त्या दारातून आत जायला मला अजून थोडं जड जातं. आत जाताना आधी तू.

मग,
धाकटा